छेत्रीचे ९५ गोल कसे वाचायचे?

१० जून २०१८ च्या रात्री अंधेरीहून घाटकोपरला परत येताना मेट्रोत माझ्या फोनवर एकच चित्र चार-पाच ग्रुपांवरून आलं. डावीकडे मेसी, उजवीकडे सुनील छेत्री, मध्ये ६४-६४. खाली बारीक अक्षरांत सामने: मेसीचे १२४, छेत्रीचे १०२. म्हणजे आपलाच भारी, असं सुचवणारं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि तासाभरापूर्वी तो चौसष्टावा गोल स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलो होतो. तरीही मी काय केलं, तर ते चित्र पुढे पाठवलं. गोल कसा झाला हे कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

तर आधी तो गोल. समोर केनिया, इंटरकॉन्टिनेंटल कपची फायनल. अनस एडथोडिकाने मागून, अगदी आपल्या हाफमधून, एक उंच लांब बॉल टाकला. तसा बॉल म्हणजे बहुतेक वेळा नुसती सुटका असते, पुढच्याने बघून घ्यावं अशी. छेत्रीने धावता धावता तो छातीवर घेतला, बॉल खाली पडेपर्यंत डिफेंडर मागे राहिला होता, आणि डाव्या पायाने त्याने तो गोलकीपरला चुकवून आत घातला. छेत्री उजव्या पायाचा खेळाडू. या सगळ्यात त्याने बॉलला दोनच स्पर्श केले असतील. बाजूचे काका ‘अरे, अरे’ एवढंच म्हणत उभे राहिले होते.

छेत्रीबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, त्यात हे ‘अरे, अरे’ नसतं. आकडा असतो. ६४, मग ७७, मग ८०, ९४, शेवटी ९५. त्या आकड्याची एखाद्या पुस्तकाची करावी तशी समीक्षा व्हायला हवी असं मला बरेच दिवस वाटतंय, कारण भारतीय फुटबॉलबद्दल सगळ्यात जास्त वाचला गेलेला मजकूर तोच आहे आणि तो आपण फार आळशीपणे वाचलाय. त्या आळशी वाचकांत मी आहेच.

त्या स्पर्धेची सुरुवात १ जूनला झाली होती, चायनीज तैपेईविरुद्ध. भारत ५-० ने जिंकला, छेत्रीची हॅट-ट्रिक. वीरा देसाई रोडवरच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात, म्हणजे आपण ज्याला अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स म्हणतो तिथे, जेमतेम अडीच हजार लोक होते. पाचच दिवस आधी वानखेडेवर आयपीएलची फायनल भरगच्च झाली होती, त्याच शहरात. मी घाटकोपरला राहायचो. मेट्रोने आझाद नगर स्टेशन वीसेक मिनिटांवर, तिथून चालत मैदान. गेलो नाही. परीक्षा वगैरे काही नव्हती. मॅच आहे हेच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी गेलो असतो असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी तेव्हा पहाटे तीनपर्यंत जागून आर्सेनल बघणारा फुटबॉल फॅन होतो.

दुसऱ्या दिवशी छेत्रीने तो व्हिडिओ टाकला. तुम्ही पाहिला असेलच. फोन समोर धरून, साध्या आवाजात तो युरोपातल्या क्लबांच्या चाहत्यांना सांगतो, की आमचा खेळ तेवढ्या दर्जाचा नाही हे मान्य, पण या. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. कोहलीने तो शेअर केला, तेंडुलकरनेही आवाहन केलं. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना छेत्रीचा शंभरावा होता. तिकिटं संपली.

त्या नऊएक हजारांत मी होतो. पाऊस असा, की बॉल पाण्यात अडकून थांबत होता. भारत ३-० ने जिंकला, छेत्रीचे दोन: एक पेनल्टी, आणि एक अगदी शेवटी, पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचललेला. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. भिजून घरी आलो तेव्हा मला देशासाठी काहीतरी करून आल्यासारखं वाटत होतं.

हे वाटणं मला आज खटकतं. तो व्हिडिओ प्रामाणिक होता याबद्दल मला शंका नाही. पण संहिता म्हणून पाहिलं तर त्यात एक अडचण आहे. त्यात मागणं होतं, आणि मागितल्यावर देणारा आपोआप दाता होतो. आम्ही प्रेक्षक म्हणून गेलोच नाही, वर्गणी द्यायला गेलो. वर्गणी देणारा मंडपात फार वेळ थांबत नाही, पावती घेऊन निघतो. ६४-६४ चं चित्र ही आमची पावती होती. भारताच्या कॅप्टनला सामन्याची जाहिरातसुद्धा स्वतःच करावी लागते, यात काही विचित्र आहे हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

आता त्या स्पर्धेतलं एक साधं गणित. भारताने चार सामन्यांत ११ गोल केले: तैपेईविरुद्ध पाच, केनियाविरुद्ध तीन, न्यूझीलंडविरुद्ध एक, फायनलमध्ये दोन. अकरापैकी आठ छेत्रीचे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात असा ग्राफ दिसला तर कुणी टाळ्या वाजवत नाही. अख्खी सिस्टिम एका सर्व्हरवर उभी आहे, तो बसला की सगळं बसेल, अशी धोक्याची घंटा म्हणून तो ग्राफ मीटिंगमध्ये दाखवतात. आपण तो वॉलपेपर म्हणून लावला.

त्या आठपैकी माझा सगळ्यात आवडता गोल हरलेल्या सामन्यातला आहे. ७ जून, न्यूझीलंड. कोच स्टीफन कॉन्स्टंटाईनने बरेच खेळाडू बदलले होते. दुसरा हाफ नुकताच सुरू झालेला. न्यूझीलंडच्या गोलकीपरकडे बॉल आला, त्याने जरा वेळ घेतला आणि मारला, तेवढ्यात धावत आलेल्या छेत्रीच्या अंगावर आपटून तो गोलमध्ये गेला. हायलाइटमध्ये हा गोल नशिबाचा दिसतो. पण गोलकीपरकडे बॉल गेल्यावर त्याच्या अंगावर धावत जाणं हे नव्याण्णव वेळा फुकट जाणारं काम आहे. आदल्या सोमवारी भिजत पूर्ण सामना खेळलेला तेहतीस वर्षांचा माणूस ते करत होता. लगेचच न्यूझीलंडने बरोबरी केली आणि शेवटी सामना २-१ ने जिंकला.

हाच गोल पाच वर्षांनी पुन्हा दिसतो. २१ जून २०२३, बेंगळुरू, सॅफ चॅम्पियनशिप, पाकिस्तान. दहाव्या मिनिटाला छेत्री गोलकीपरच्या अंगावर धावतो, तो गडबडतो, बॉल सुटतो, छेत्री रिकाम्या गोलमध्ये ढकलतो. आता वय ३८. त्या दिवशी त्याची हॅट-ट्रिक झाली, उरलेले दोन पेनल्टीवर. बातम्या हॅट-ट्रिकच्या आल्या, मेसीच्या आणखी जवळ गेल्याच्या आल्या. तो पहिला गोल म्हणजे अंधेरीच्या गोलाचा पुढचा भाग आहे, हे लिहिलेलं मी तरी कुठे वाचलं नाही. एखादा लेखक पाच वर्षांनी तीच प्रतिमा पुन्हा वापरतो तेव्हा आपण परिच्छेदच्या परिच्छेद लिहितो.

आकड्याच्या विरोधात बोलणाऱ्यांचा दुसरा पंथही आहे आणि तोही तितकाच आळशी आहे. ‘नेपाळ-मालदीवसमोर मारलेत रे सगळे.’ मुलुंडच्या टर्फवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता आधीच ओळखता येतं. दर वेळी बोलणाऱ्याच्या अंगात रोनाल्डोची ७ नंबरची नाहीतर मेसीची १० नंबरची जर्सी असते. छेत्रीची ११ नंबरची जर्सी घातलेला मुलगा मला तिथे अजून दिसलेला नाही.

पण कमजोर संघ सगळ्यांच्याच यादीत असतात. इराणच्या अली दाईचा शंभरावा गोल लाओसविरुद्ध होता. रोनाल्डोचे एकट्या लक्झेंबर्गविरुद्ध ११ आहेत. फरक असा, की रोनाल्डोच्या यादीत लक्झेंबर्गच्या शेजारी स्पेनही आहे. अंधेरीची फायनल झाली त्याच्या पाचच दिवसांनी सोचीमध्ये वर्ल्ड कपच्या सामन्यात त्याने स्पेनविरुद्ध तीन मारले. त्या रात्री ६४-६४ चं चित्र माझ्या ग्रुपांवरून गायब झालं ते झालंच. (याच यादीबद्दल आणखी एक. ‘जगात सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल’ म्हणत आपण ज्या पुरुषांची नावं घेतो, त्यांच्या सगळ्यांच्या वर कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर आहे, १९० गोल. त्या चित्रांत तिचा फोटो कधीच नसतो.)

म्हणजे छेत्रीची यादी मेसीच्या यादीशेजारी ठेवली की ती फुगते आणि लक्झेंबर्गचा हिशोब काढला की फुटते. दोन्ही वेळा आपण यादी वाचतच नाही. माझं म्हणणं असं, की ही यादी म्हणजे भारताला वीस वर्षांत कुणाशी खेळायला मिळालं याचा नकाशा आहे. नेपाळ, मालदीव, बांगलादेश पुन्हा पुन्हा येतात, कारण सॅफ पुन्हा पुन्हा येते. सुरुवात १२ जून २००५ ला क्वेट्टात, पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल, १-१. मोठा सामना येतो तो वर्षानुवर्षांनी एकदा, आणि तो आला की पाहावं लागतं की हा माणूस तिथे होता का.

होता. १३ ऑगस्ट २००८ ला दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपच्या फायनलमध्ये ताजिकिस्तानविरुद्ध ४-१, त्यात त्याचे तीन. त्या एका विजयामुळे भारत २७ वर्षांनी एशियन कपला गेला. २०११, दोहा. तिथे आपण ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहारीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४ असे धुतले गेलो. १३ गोल खाल्ले, तीन केले. तिनांतले दोन छेत्रीचे, एक बहारीनविरुद्ध आणि एक कोरियाविरुद्ध पेनल्टीवर. या दोन गोलांनी काहीच बदललं नाही. भारत दोन्ही सामने हरला, गटात तळाला राहिला. पण मला कुणी ९५ मधले पाच निवडायला सांगितले तर हे दोन्ही त्यात असतील. दोन गोलने मागे असताना पेनल्टी घ्यायला जाणाऱ्या माणसाला कोणता विक्रम दिसत असेल?

पुढचा एशियन कप २०१९ चा. अबू धाबीत थायलंडविरुद्ध ४-१. एशियन कपमध्ये आपण १९६४ नंतर पहिल्यांदा सामना जिंकलो. छेत्रीचे दोन. पहिला पेनल्टीवर. दुसरा हाफटाइमनंतर लगेच, उजवीकडून उदांताचा क्रॉस, मध्ये आशिकचा हलकासा स्पर्श, आणि छेत्रीने बॉल न थांबवता पहिल्याच फटक्यात आत. त्या दिवशी त्याचे ६७ झाले, मेसीचे तेव्हा ६५ होते. मथळे काय आले ते सांगायला नको. त्यानंतर यूएईकडून ०-२, आणि बहारीनविरुद्ध बरोबरी पुरली असती तिथे ९१ व्या मिनिटाला पेनल्टी देऊन ०-१. घरी परत. जानेवारी २०२४ च्या एशियन कपमध्ये तर तीन सामन्यांत भारताचा एकही गोल नाही, छेत्री संघात असूनही.

९५ पैकी एशियन कपमधले चार. हा आकडा कुणी पोस्टरवर छापत नाही. त्यात कमीपणा आहे म्हणून नव्हे. तो आपल्याबद्दल जास्त बोलतो, छेत्रीबद्दल कमी.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, मालेमधल्या सॅफमध्ये, छेत्रीने पेलेच्या ७७ गोलांना मागे टाकलं आणि स्पर्धा संपताना ८० वर, म्हणजे तेव्हाच्या मेसीबरोबर, पोहोचला. पेलेला मागे टाकलं! हे वाक्य टाइप करताना कुणाच्या तरी अंगठ्याला लाज वाटायला हवी होती. स्वतः छेत्री अशा तुलनांना कायम हात जोडत आला, आणि त्याच्या त्या हात जोडण्याचीही आम्ही ‘किती डाऊन टू अर्थ’ म्हणून रील केली. पुढच्याच वर्षी फिफाने त्याच्यावर तीन भागांची फिल्म काढली. तिची जाहिरातसुद्धा हीच, की रोनाल्डो आणि मेसी तुम्हाला माहीत आहेत, आता तिसरा बघा. फिल्म बरी आहे, काही प्रसंग छान आहेत. पण तिच्या चौकटीत छेत्री दोन मोठ्या दारांमधल्या फटीतून दिसतो.

आणि मुख्य प्रश्न ती फिल्मही विचारत नाही: वीस वर्षांत दुसरा का नाही झाला?

याचं थोडं उत्तर आयएसएलमध्ये आहे. २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालायचे. पुढे पाच झाले, २०२१-२२ पासून चार. क्लबाला चार-सहा जागा परदेशी भरायच्या असतील तर पहिली जागा तो सेंटर फॉरवर्डची भरतो, कारण गोल महाग असतात. खुद्द छेत्री बेंगळुरूकडून मिकूच्या बाजूला, डावीकडे खेळला. भारताचा सगळ्यात मोठा स्ट्रायकर क्लबमध्ये विंगवर. (त्याआधी तो मुंबई सिटीचा होता, आयएसएलमध्ये हॅट-ट्रिक करणारा पहिला भारतीय तो याच जर्सीत झाला, हे मुंबईकरांनाही आठवत नाही.) छेत्री विंगवरून येऊनही गोल करत राहिला. बाकीची पोरं विंगवर गेली आणि विंगवरच राहिली. २०२४-२५ च्या हंगामात भारतीयांमध्ये सर्वाधिक गोल कुणाचे? छेत्रीचे, १४. वय ४०.

आमच्या एका जुन्या टीममध्ये एक सीनियर होते. रात्री काहीही कोसळलं की फोन त्यांनाच. ते उठायचे, पंधरा मिनिटांत दुरुस्त करायचे, सकाळी सगळे टाळ्या वाजवायचे. त्यामुळे ते काम दुसऱ्या कुणाला शिकवायची गरजच पडली नाही. त्यांनी राजीनामा दिला तेव्हा निरोपाचा केक फार मोठा होता.

छेत्रीचा केक ६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कापला गेला. कुवेतविरुद्ध वर्ल्ड कप पात्रता सामना, जिंकलो असतो तर पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीच्या अगदी दारात होतो. स्टेडियम खचाखच. अंधेरीच्या त्या अडीच हजारांनंतर सहा वर्षांनी. निवृत्ती जाहीर करणाऱ्या व्हिडिओत तो पहिल्या सामन्याबद्दल बोलला होता, सुखविंदर सरांनी सकाळी सांगितलं की तू खेळणार आहेस, आणि नव्या जर्सीवर त्याने परफ्युम मारला होता. ९४ गोलांचा उल्लेख करायला मोकळं मैदान असताना त्याला परफ्युम आठवला. समीक्षकाने इथे वही बंद करावी. सामना ०-० सुटला. रडत रडत तो बाहेर गेला, आणि पात्रतेचा मार्ग पाच दिवसांनी कतारमध्ये संपला.

त्यानंतर भारत जिंकायचाच थांबला. अख्ख्या २०२४ मध्ये एकही विजय नाही. मार्च २०२५ मध्ये कोच मानोलो मार्केझने त्याला परत बोलावलं आणि तो आला. इथे मी त्याच्यावरही थोडा रागावलो आहे, ते लपवत नाही. येऊ नये होतं. नाही म्हणायला हवं होतं, निदान एकदा फोन उचलायला नको होता. पण ज्याने पाठलाग करायचा नसलेला प्रत्येक बॉल वीस वर्षं पाठलाग केला, तो हाच सोडेल अशी अपेक्षा मी कशावरून करतोय?

तो आला म्हणून काही वाचलं नाही. बांगलादेशशी ०-०. हाँगकाँगकडून शेवटच्या क्षणी ०-१. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, सिंगापूरकडून १-२. छांगटेने आधी गोल करूनही. एशियन कप २०२७ ची दारं बंद. त्या पात्रता फेरीत ४० आणि मग ४१ वर्षांचा छेत्री होता आणि त्याच्या नावावर एकही गोल नाही. ९५ वर तो तिथेच थांबला.

तो पंच्याण्णवावा मैत्रीपूर्ण सामन्यातला आहे. १९ मार्च २०२५, शिलाँग, मालदीवविरुद्ध ३-०. भारताचा सोळा महिन्यांनी पहिला विजय. मी ऑफिसमधून निघायला उशीर झाला होता, घाटकोपर स्टेशनच्या पुलावर गर्दीत उभा राहून फोनवर बघत होतो. लिस्टनचा क्रॉस डावीकडून आला आणि छेत्रीने डोक्याने आत घातला. मी तो तुकडा मागे नेऊन चार वेळा पाहिला. उंच नसलेला माणूस बॉल येण्याआधी तिथे पोहोचलेला असतो आणि बॉल आल्यावर घाई करत नाही, एवढंच त्यात होतं. पोचण्याआधीचा तो एक क्षण त्याने कुठून आणला, हे मला चारही वेळा कळलं नाही. पाठीमागून एकाने ‘चलो भाई’ म्हणून ढकललं.

रात्री ग्रुपवर चित्र आलंच. रोनाल्डो, मेसी, दाई आणि चौथा आपला, ९५. मी या वेळी चित्र पुढे पाठवलं नाही. क्लिप पाठवली, वीस सेकंदांची. २०१८ ला पावसात माझ्या शेजारी भिजणाऱ्या मित्राने ती पाहिली, दोन निळ्या टिक आल्या, आणि बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं.

‘अजून हाच?’